सर्पदंशाचा फॉर्म एकच ठेव

प्रिय मित्रा,

चार डॉक्टर, सर्पदंशाचे चार फॉर्म, आणि प्रत्येकाला हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये आपलाच हवा. "मोठ्या सरांना नाही कसं म्हणू?" असं तू विचारतोस. तो प्रश्नच चुकलाय. त्यांनी भरलेलं पुढे वाचणार कोण, ते आधी बघ.

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घे. कोरी, कोरडी काचेची नळी, 2 मिलि ताजं रक्त, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच आडवी करून पाहायचं. एका सरांचं 'पॉझिटिव्ह' म्हणजे रक्त गोठलं नाही. दुसऱ्यांचं 'पॉझिटिव्ह' म्हणजे गुठळी झाली. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, पहिल्या डोसनंतर 6 तासांनी चाचणी पुन्हा होते, तोवर तुमच्या मिरजेत ड्यूटी बदललेली असते. नाइटच्या पोराने तो शब्द उलटा वाचला, की पुढचा डोस राहिला तरी किंवा उगाच गेला तरी. म्हणून त्या रकान्यात पर्याय दोनच: 'गुठळी झाली' आणि 'गुठळी झाली नाही'. शेजारी नमुना घेतल्याची वेळ, सक्तीची. टायपिंग बंद. बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात एवढं तरी नीट हवं की नको?

पुढे वाचणारा दुसरा असेल, तर त्या रकान्याला कुलूप, कुणी एकट्याने बदलायचा नाही. ॲलर्जी, औषधांची यादी, एककं, निदानाचे कोड, पेशंटची ओळख. 'सल्फा चालत नाही' हे कुणी नोटमध्ये टाइप करून ठेवलं, तर को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फाचंच औषध लिहिताना सिस्टिम गप्प बसणार. तिला ॲलर्जीच्या रकान्यातलंच कळतं. इन्सुलिनपुढे 'युनिट' पूर्ण उमटू दे, नुसता 'यू' घाईत शून्य दिसतो आणि 10 चे 100 होतात. सिस्टिम देते त्या धोक्याच्या सूचनांचंही तेच. एकट्याला बंद करायची मुभा नाही. निरर्थक सूचना असेल तर समितीने सगळ्यांचीच काढावी.

बाकी हात सैल सोड. आवडत्या औषधांचा क्रम, शॉर्टकट, ओपीडी नोटचा साचा, ज्याचं त्याला. फक्त साच्यात तपासणी आधीच 'नॉर्मल' भरलेली नको. हात न लावलेलं पोटही कागदावर मऊ निघतं.

यादीतला जुना पर्याय पुसू नकोस, निष्क्रिय कर. जुन्या केसपेपरांत तो आहे. आणि प्रत्येक वेगळा फॉर्म म्हणजे प्रत्येक अपग्रेडला एक वेगळी चाचणी. ती रात्री बसून कोण करणार? तूच. मला हेकट म्हणतात, म्हणू देत. कुलपाबद्दल ओरडणाऱ्यांनी रात्री तीनला दुसऱ्याचा फॉर्म वाचून डोस ठरवून बघावा.

सोमवारी मीटिंगला चारही फॉर्म छापून ने. शेजारी शेजारी ठेव. जो रकाना लॅब, फार्मसी, नर्स किंवा पुढची ड्यूटी वाचते, त्यावर लाल पेन. चर्चा फक्त लाल रकान्यांवर. बाकीचे सरांना हवे तसे तिथल्या तिथे लावून दे, त्यांच्या डोळ्यांदेखत.

तुझा,
सांगलीचा काका