रात्री तीन-चार तास मोबाइलवर रँक मॅच (हार-जितीवर दर्जा ठरवणारे सामने) खेळल्यावर डोकं सुन्न का होतं?
हा आळस नाही, मेंदू खरंच दमलेला असतो. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये पावलांचे आवाज, नकाशा, साथीदारांची आरडाओरड, सगळं एकाच वेळी टिपून क्षणात निर्णय घ्यायचा असतो. हा भार कपाळामागच्या भागावर येतो. पॅरिसच्या संशोधकांना २०२२ मध्ये दिसलं, की दिवसभर अवघड बौद्धिक काम केल्यावर तिथे ग्लुटामेट हे मेंदूतलं रसायन साचतं आणि माणूस झटपट मिळणाऱ्या फायद्याकडे झुकतो. मला वाटतं, हरल्यावर ‘शेवटची एक’ म्हणत बसतो ते यामुळेही असेल. पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

लागोपाठ दोन हरलात की फोन ठेवा. रील्सही नकोत, ती विश्रांती नव्हे. गच्चीवर फेरी मारा. आणि सकाळची लोकल पकडायची असेल तर बारानंतर रँक नाहीच, झोपेला पर्याय नाही.