टेडीचं शिवलेलं नाक नीट कसं फिनिश करायचं, आणि मेण लावायचं का?

तुम्ही लिहिलंय की मोहेरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या फरचा, पहिला टेडी केलात, काळ्या दोऱ्याने नाक भरलंत, पण वरची कड करवतीसारखी वरखाली दिसतेय, टाक्यांच्या मधून फर डोकावतेय आणि मेण घासलं की सगळं गुळगुळीत होतं असं कुणीतरी सांगितलंय, तर लावू का. आत्ता लगेच नका लावू. मेणाने चांगलं भरलेलं नाक कडक आणि तुकतुकीत होतं हे खरं, पण वाकडं भरलेलं नाकसुद्धा तसंच वाकडं राहून कडक होतं, आणि मग ते उसवणं फार अवघड, कारण टाके एकमेकांना चिकटतात आणि मेण खालच्या कापडातही उतरलेलं असतं. आधी दोऱ्याचं काम तुमच्या मनासारखं होऊ दे, मेण अगदी शेवटी.

पहिल्यांदा अंगठ्याने थुतरी, म्हणजे नाक-तोंडाचा पुढे आलेला भाग, दाबून बघा. अंगठा आत जातोय? मग कड वेडीवाकडी दिसण्याचं निम्मं कारण तिथेच आहे. मऊ थुतरीवर टाका ओढला की कापड त्याच्यासोबत आत जातं, शेजारचा टाका थोडा सैल राहिला तर ते कमी जातं, आणि प्रत्येक टाक्याचं टोक वेगळ्या उंचीला थांबतं. तुम्ही कितीही मोजून सुई घातली तरी हे होणारच. जुन्या जर्मन आणि इंग्लिश टेडींमध्ये वूडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक लांब तासलेले धागे ठासून भरलेले असायचे, थुतरी अगदी टणक, त्यामुळे त्यावरचे टाके कसे ताठ बसलेले दिसतात. आपण बहुतेक जण रेक्रॉन, म्हणजे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, भरतो, तेही चालतं, फक्त चिमूट चिमूट घेऊन काठीने ठासायचं, मोठा गोळा एकदम कोंबायचा नाही, आणि डोकं भरताना थुतरी सगळ्यात आधी. तुमचं डोकं आता शिवून बंद झालंय, तरी काळजी नको. बारीक दाभण घ्या, नाकाच्या थोडं मागून फरमधून तिरकं आत घाला आणि आतलं रेक्रॉन पुढे पुढे ढकला, चारी बाजूंनी. मोहेरचं कापड विणलेलं असतं, दाभणाचं भोक नंतर नखाने घासलं की मिटतं. पाच-दहा मिनिटं हे केलं की थुतरीत खूप फरक पडतो.

आता फर. नाक जिथे येणार तिथली लव मुळापासून कापलेली पाहिजे, नुसती आखूड करून चालत नाही, कारण आखूड केलेले ताठ केस तर उलट जास्तच टोचून वर येतात. नखं कापायची बारीक वाकड्या पात्याची कात्री घ्या, नाकाचा आकार टाचण्या टोचून ठरवा आणि त्या आकाराच्या आत आत कापा, बाहेर जाऊ नका, बाहेरची लव पुढे कामाला येते, ती टाक्यांची टोकं झाकते. कापताना खालची वीण तुटली नाही ना ते बघा. तुमच्या टेडीत टाके घालून झालेत, तेव्हा जी फर मधून येतेय ती चिमट्याने एकेक धरून ओढून काढा, किंवा सुईने टाके जरा बाजूला करून कात्रीचं टोक आत घालून कापा. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही, मेणाने ती फर खाली बसत नाही, उलट मेण लागून ताठ उभी राहते आणि आणखी दिसते.

पुढच्या टेडीला एक गोष्ट नक्की करा, नाकाच्या आकाराचा काळ्या फेल्टचा तुकडा कापून आधी खाली बसवा, चार बारीक टाके घालून किंवा कापडाचा गोंद लावून, आणि त्याच्यावरून नाक भरा. सुई फेल्टच्या कडेला अगदी लागून बाहेर काढायची आणि कडेला लागूनच आत घालायची, म्हणजे कड तुम्हाला डोळ्यांनी शोधावीच लागत नाही, सुईलाच कळते. शिवाय नाकाला थोडा उठाव येतो आणि चुकून फट राहिलीच तर खालचा फेल्ट काळाच असतो. ही काही आजची युक्ती नाही, स्टाइफ या जर्मन कंपनीच्या जुन्या मोठ्या टेडींची नाकं झिजली की टाक्यांखालचा फेल्ट दिसायला लागतो.

दोऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या चमकेवरून सहा पदरी भरतकामाचा दोरा वाटतोय. तो वापरू नये असं नाही, पण मग सहाही पदर आधी सुटे करून परत एकत्र धरायचे म्हणजे ते चपटे बसतात. मला पर्ल कॉटन आवडतो. त्याला पीळ असतो, प्रत्येक टाका स्वतंत्र गोल दिसतो, मुलांच्या हाताने पटकन विस्कटत नाही. अँकर कंपनीचा मिळतो, डीएमसी कंपनीचा ऑनलाइन मिळतो. १२ ते १६ इंची टेडीला ५ नंबर, तळहाताएवढ्या छोट्याला ८ नंबर, इथे नंबर मोठा म्हणजे दोरा बारीक हे लक्षात ठेवा. दोरा एकाच तुकड्यात नाक पुरं होईल एवढा लांब घ्या, कारण नाकाच्या मध्येच दोरा संपला तर नवीन सुरू केलेली जागा उठून दिसते. लांब दोरा पिळवटतो, तेव्हा अधूनमधून सुई सोडून लोंबकळू द्या, पीळ आपोआप उलगडतो.

टाके घालताना बहुतेक जण एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला जातात आणि शेवटी लक्षात येतं की डावीकडे तेरा टाके बसले आणि उजवीकडे अकरा. मधून सुरू करा. पहिला टाका बरोबर थुतरीच्या मधल्या शिवणीवर, मग एका बाजूला कडेपर्यंत, मग परत मध्याशी येऊन दुसऱ्या बाजूला. सुई दर वेळी वरून आत, खालून बाहेर, दिशा बदलायची नाही, नाहीतर दोऱ्याचा पीळ उलटसुलट दिसतो. आणि दोरा ओढू नका हो. टाका कापडावर नुसता टेकला पाहिजे, डाव्या अंगठ्याने धरून ठेवायचा आणि पुढचा त्याला चिकटून झोपवायचा. मी पहिला थर विरळ आडवा घालते आणि त्याच्यावर उभा दाट थर, त्याने नाक भरीव दिसतं आणि फट राहत नाही.

आणि आता तुमच्या कडेचा उपाय, जो उसवल्याशिवायही करता येईल. वरच्या कडेवरून, सगळ्या टाक्यांच्या टोकांच्या अगदी जरा वर, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकच लांब आडवा टाका घाला, सैलही नाही आणि ताणलेलाही नाही, आणि तो मध्ये एक-दोन ठिकाणी बारीक टाक्याने खाली बांधा म्हणजे वर उचलला जाणार नाही. वेडीवाकडी टोकं त्याच्याखाली जातात. फरक जास्त असेल तर दोन आडवे टाके एकाखाली एक. त्रिकोणी नाक असेल तर तिन्ही बाजूंनी असंच करता येतं, फक्त खालच्या टोकाला दोरे एकावर एक चढून गाठोडं होऊ देऊ नका. मात्र खूपच वाकडं असेल, म्हणजे एक बाजू खरंच खाली गेली असेल, तर उसवा. मोहेर उसवणं सहन करतं, आणि नाकावरून टेडीचा चेहरा ठरतो, ते दोन मिलिमीटर सरकलं तरी बिचारा रुसल्यासारखा दिसायला लागतो, एवढी मेहनत केलीये तर तिथे तडजोड नको.

जुन्या कारखान्यांची नाकं बघत जा, इंटरनेटवर भरपूर फोटो आहेत. स्टाइफ कंपनी जर्मनीतल्या गिंगेन गावची, तिथे रिचर्ड स्टाइफने १९०२ मध्ये हातपाय हलणारं अस्वल काढलं आणि १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत ते मांडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९०४-०५ च्या सुमाराला, आत धातूच्या सळ्या असलेले जे टेडी त्यांनी केले त्यांना सील करायच्या लाखेचं नाक होतं. लाख ठिसूळ, आपटली की टवके उडतात. मग दोऱ्याचं नाकच टिकलं. त्यांच्या पांढऱ्या टेडींना बरेचदा काळ्याऐवजी तपकिरी दोरा असतो, आणि तो इतका छान दिसतो की तुम्ही फिकट मोहेर घेतलंत तर नक्की करून बघा. इंग्लंडच्या चिल्टर्न कंपनीच्या हगमी नावाच्या टेडींच्या नाकाला दोन्ही कडेचे टाके वर लांब ओढलेले असतात, त्यावरून संग्राहक लांबूनच टेडी ओळखतात. म्हणून कुणी आजीचा जुना टेडी दुरुस्तीला दिला तर उरलेल्या टाक्यांची दिशा आधी फोटोत टिपून ठेवा आणि तशीच भरा, आपल्या आवडीचं नवीन नाक लावू नका, त्याने त्याची ओळखच जाते.

दोरा संपवायची जागा नाकाच्या खाली, जिथून तोंडाची रेघ निघते तिथे. नाक झालं की त्याच दोऱ्याने खाली सरळ एक टाका आणि त्याला दोन बाजूंना दोन तिरके, उलटा वाय, झालं तोंड. शेवटी तोंडाच्या टाक्याखाली कापडाला अगदी लागून दोन बारीक गाठी मारा, सुई त्याच भोकातून आत घालून लांब हनुवटीखाली किंवा कानामागे बाहेर काढा, दोरा थोडा ताणून कापडालगत कापा, टोक आपोआप आत जातं. हे सगळं मेणाच्या आधी, कारण मेणाळलेल्या नाकात सुई घातली की पांढरा ओरखडा उमटतो.

आता मेण. मधमाशीचं शुद्ध मेण घ्या, मेणबत्ती नको, मेणबत्तीचं पॅराफिन कडक आणि ठिसूळ असतं, दाबलं की भेगा पडतात आणि काळ्या दोऱ्यावर त्या पांढऱ्या दिसतात. महाबळेश्वरकडे मध विकणाऱ्यांना विचारलं तर मिळू शकतं, ऑनलाइनही मिळतं. नाकाभोवतीची फर ओली करून मागे विंचरा किंवा मास्किंग टेप लावा. मेणाचा तुकडा नाकावर टाक्यांच्या दिशेने घासा, भरपूर पांढुरकं दिसेल, घाबरू नका. मग हेअर ड्रायर थोडा लांबून काही सेकंद, दोरा ओला झाल्यासारखा काळाभोर दिसला की थांबा आणि बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. थंड होऊ द्या. परत तेच. चार-पाच थरांत मंद चमक येते, आरशासारखी हवी असेल तर आणखी बरेच थर लागतात आणि प्रत्येक थर पातळच पाहिजे. शेवटी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने घासा. काळ्यावर कुठे पांढरट राहिलं तर ते न वितळलेलं मेण आहे, पुन्हा थोडी उष्णता द्या. फरला लागलंच तर वर टिश्यू पेपर ठेवून ड्रायर फिरवा, कागद मेण शोषून घेतो.

हे मोहेरचं झालं. बाजारात मिळणारी नायलॉनची किंवा अ‍ॅक्रिलिकची फर असेल तर ड्रायरने केस आखडतात आणि ते परत सरळ होत नाहीत, तिथे स्टीलचा चमचा गरम पाण्यात बुडवून, कोरडा करून, त्याच्या पाठीने मेण दाबा, वेळ लागतो पण फर वाचते.

टेडी लहान बाळासाठी असेल तर मेण लावूच नका. बाळ नाकच आधी तोंडात घालतं, आणि घट्ट भरलेलं साधं दोऱ्याचं नाक मेणाशिवायही वर्षानुवर्षं टिकतं, धुताही येतं. मेण शोकेसमधल्या टेडीला. तेही राहता कुठे त्यावर आहे, कारण हे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं पण मऊ पडायला खूप आधी सुरुवात होते, तेव्हा नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात जाड थर दिलेलं नाक चिकट होतं आणि धूळ धरतं. तिकडे असाल तर दोनच पातळ थर द्या, काचेच्या कपाटात ठेवा, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत टेडी अजिबात ठेवू नका.