कचऱ्याची गाडी लावायची की ताईंना ठेवायचं?

प्रश्न : आमची बाणेरमधली मोठी सोसायटी. अनेक वर्षं 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या दोन ताई दारोदार येऊन कचरा नेतात. आता काही सभासद म्हणतात, त्यांना बंद करून खाजगी गाडी लावू. ओला-सुका वेगळा करायची कटकट नको, गाडीवाला सगळं एकत्र नेतो. मी सेक्रेटरी आहे. सभेत काय मांडू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गाडीला ठाम नकार द्या. मी कचरावेचक बायकांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आधी त्यांचा हिशेब सांगते. ताईंचं घर दोन मिळकतींवर चालतं : घरटी मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकाला भंगारवाल्याकडे वेगळा भाव. त्याच पुठ्ठ्यावर कालची आमटी सांडली की तो मातीमोल. एकत्र भरणाऱ्या गाडीत रोज हेच होणार.

आणि ती गाडी रिकामी कुठे होते, हे सभेत विचाराच. पुण्याजवळच्या, कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. दुर्गंधी, माश्या, बिघडलेलं पाणी. त्यापायी आंदोलनं करावी लागली. बाणेरची कटकट वाचवायची आणि ती दुसऱ्या गावाच्या वेशीवर ओतायची, हे मला मुळीच पटत नाही.

या बायका पूर्वी कचराकुंड्या उपसायच्या. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. २००८ साली महापालिकेने 'स्वच्छ'शी करार केला आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे रीतसर आलं. ही सहकारी संस्था कचरावेचकांच्याच मालकीची आहे. त्यात बहुसंख्य बायका, त्याही बहुतेक दलित समाजातल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या : कचरा घरातच वेगळा करायचा आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं. तेव्हा वेगळं करणं ही ताईंवर केलेली मेहेरबानी नव्हे, ते आपलं काम आहे.

फुटलेली काच जाड कागदात बांधून, वर लिहून द्यायला सांगा. एका ताईंच्या अंगठ्याच्या बेचक्यातली चीर मी पाहिली आहे. तिच्यावर पट्टी बांधून त्या तसाच ओला डबा उपसत होत्या. सॅनिटरी पॅड वेगळे, कागदात गुंडाळून, लाल खूण करून द्यावेत. पार्किंगमध्ये सावलीची जागा आणि हात धुवायला नळ द्या. लिफ्ट वापरायची मुभा तर हवीच. सहाव्या मजल्यावरून भरलेले डबे जिन्याने उतरवायला लावणं अन्यायच आहे.

कामाबद्दल तक्रार असेल तर आधी ताईंशीच बोला, मग त्यांच्या संस्थेशी. सभेला दोघींनाही बोलवा आणि सभा संध्याकाळी ठेवा. सकाळी त्या कामावर असतात.