खोक्याला शुल्क, फायलीला माफी

प्रश्न : नाशिकला माझं पुस्तकांचं दुकान आहे. परदेशातून खोकी मागवली की सीमाशुल्क भरावं लागतं. तेच पुस्तक गिऱ्हाईक मोबाइलवर उतरवून घेतं, तेव्हा कुणी काही मागत नाही. ही पळवाट आहे का?

उत्तर : पळवाट नाही, चांगल्या जगभरच्या ठरावातून आलेली रीत आहे. न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे आलेला माल कस्टममधून सोडवण्याच्या, कामात माझी सव्वीस वर्षं गेली. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या कागदावर, पुस्तकांचा दरपत्रकातला क्रमांक 4901 टाकायचा, तपासणीला एखादं खोकं फोडून द्यायचं, वरची चार पुस्तकं चाळून साहेब सही करणार. 2019च्या अर्थसंकल्पात छापील पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क आलं, तेव्हा तुमच्यासारख्या किती जणांनी माझ्यावर राग काढला! फाइल मात्र कुठल्याच धक्क्याला लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक प्रसारणावर सीमाशुल्क लावायचं नाही, असं जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी 1998 साली जिनिव्हात ठरवलं. तेही कायमचं नाही. अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखं मुदत संपत आली की पुन्हा वाढवत आले. आपला महसूल बुडतो, ही भारत आणि दक्षिण आफ्रिकेची जुनी तक्रार. तरी 2024ला अबू धाबीत मुदत वाढलीच. ती होती संघटनेची पुढची मंत्री परिषद किंवा 31 मार्च 2026, जे आधी येईल तोवरची.

मेख निराळीच आहे. ‘प्रसारण’ म्हणजे नेमकं काय, हे ठरावात लिहिलेलंच नाही. माफी नुसत्या पाकिटाला की आतल्या पत्रालाही, म्हणजे नुसत्या पाठवण्याला की पाठवलेल्या मालालाही? भारत म्हणतो, पाकिटाला. इंडोनेशियाने तर 2018 साली डिजिटल मालासाठी दरपत्रकात रकाना उघडला आणि दर ठेवला शून्य. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं.

तुमचं गिऱ्हाईकही अगदीच फुकट सुटत नाही बरं. माफी फक्त सीमाशुल्काला, जीएसटीला नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर 5 टक्के, नसलेल्यावर 18.

मला विचाराल तर फायलीवर शुल्क नको. खोकं फोडता येतं, फाइल कुठल्या गेटवर अडवणार? आणि उद्या पुण्याहून जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर समोरच्या देशांनी तेच केलं तर? तुमचं दुखणं त्या 5 टक्क्यांचं आहे. त्यासाठी जिनिव्हाकडे बघू नका. अर्थसंकल्पाआधी तुमच्या संघटनेमार्फत दिल्लीला निवेदन धाडा.