लेकीच्या प्रकल्पातला आकडा लेकीवरच का उगारता?

वडिलांचं पत्र (थोडक्यात): आम्ही कोल्हापूरचे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. तिसऱ्या सत्रात ७४ टक्के, चौथ्यात ५८. खेळातल्या आकडेवारीत करिअर करायचं म्हणते. कॉलेजच्या प्रकल्पाला विषय घेतला तोही इंग्लंड-अमेरिकेतल्या महिला फुटबॉलला प्रेक्षक किती येतात हा. तिच्याच वहीत लिहिलंय की २०२४-२५ मध्ये इंग्लंडच्या लीगची गर्दी दहा टक्क्यांनी घटली. म्हणजे तिकडेही धंदा बुडीतच. जानेवारीपासून लॅपटॉप कपाटात ठेवलाय आणि एमपीएससीच्या क्लासची फी भरलीय. उद्या स्थळ आलं तर ‘मुलगी फुटबॉलची माणसं मोजते’ असं सांगू का? मी पत्र लिहिल्याचं तिला कळू न देता तुम्हीच समजवा.

उत्तर:

तिला कळू न देता समजवणं माझ्याकडून होणार नाही. हे उत्तर तिला वाचायला द्या. शेवटचा भाग तिच्यासाठीच आहे.

५८ टक्क्यांनी मला काळजीत टाकलं नाही, तुमच्या पत्रातल्या महिन्यानं टाकलं. लॅपटॉप जानेवारीत कपाटात गेला आणि गुण घसरले ते चौथ्या सत्रात, म्हणजे त्यानंतर. संख्याशास्त्राची प्रात्यक्षिकं आज कॉम्प्युटरवर होतात. सराव घरी करावा लागतो, लॅबमधल्या दोन तासांत तो होत नाही. सुताराच्या हातातला रंधा काढून घ्यायचा आणि फळी खडबडीत राहिली म्हणून त्यालाच बोलायचं, असं झालंय हे. आणखी एक गोष्ट खटकली. तिची वही तुम्ही उघडलीत ती ती काय शिकतेय हे बघायला नव्हे, तर तिच्याविरुद्ध पुरावा शोधायला. वीस वर्षांच्या मुलीला हे कळतं. पुढच्या वेळी ती वही लपवेल, आणि मग तिचं काय चाललंय हे तुम्हाला कुणाकडूनच कळणार नाही.

स्थळाचं म्हणाल, तर ‘मुलगी संख्याशास्त्र शिकते’ एवढं सांगा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. ज्यांना पुरत नाही, त्यांच्या घरी तिनं का जावं?

आता त्या दहा टक्क्यांकडे येऊ. आकडा खरा आहे. इंग्लंडच्या विमेन्स सुपर लीगची दर सामन्याची सरासरी गर्दी २०२३-२४ मध्ये सव्वासात हजारांच्या वर होती, पुढच्या हंगामात ती पावणेसात हजारांच्या आसपास आली. पण ‘सरासरी घटली म्हणजे लोक पाठ फिरवतायत’ हा गैरसमज आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. त्या लीगमध्ये तेव्हा १२ संघ होते, म्हणजे हंगामात १३२ सामने. आर्सेनलचा महिला संघ काही सामने एमिरेट्स स्टेडियमवर खेळायचा आणि बाकीचे बोरहॅमवुडच्या मेडो पार्कवर. एमिरेट्सवर फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ६०,१६० लोक आले होते. मेडो पार्कवर जेमतेम साडेचार हजार मावतात. समजा साठ हजारांचा एकच सामना मोठ्या मैदानावरून छोट्यावर हलवला आणि चार हजार लोक आले. फरक ५६ हजारांचा. भागिले १३२. पूर्ण लीगची सरासरी ४२४ नं खाली! एकाही गावातला एकही चाहता कमी झालेला नसताना.

त्या वर्षी प्रत्यक्षात काय झालं तेही बघा. ब्रिस्टल सिटी खालच्या श्रेणीत गेली आणि क्रिस्टल पॅलेस वर आली. ब्रिस्टलचे सामने अ‍ॅश्टन गेटवर व्हायचे, क्षमता सत्तावीस हजार. पॅलेस खेळायची सटनच्या पाचेक हजारांच्या मैदानावर. आर्सेनलनं एमिरेट्सवरचे सामने वाढवले, पण आदल्या वर्षी तिथे पन्नास हजारांवर असलेली दर सामन्याची गर्दी टिकली नाही. ही घट मात्र खरी आहे, तिच्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. वर्षातून पाच वेळा असलेला सोहळा वर्षभराचा कार्यक्रम झाला की नवलाई ओसरते आणि उरतात ते नेहमीचे लोक. क्लबला कळीचा आकडा तो असतो: पावसातल्या सामन्याला, तळाच्या संघाविरुद्ध, किती जण आले? २०२५-२६ पासून टीव्हीसाठी बरेच सामने रविवारी दुपारी बाराला ठेवले. लांबून येणाऱ्या कुटुंबाला बाराची वेळ अवघड, त्याचा परिणाम त्यानंतरच्या आकड्यांत वेगळा मोजावा लागतो. म्हणजे दहा टक्क्यांच्या एका रेषेत मैदान, बढती-घसरण आणि नवलाई असं सगळं एकत्र कालवलेलं आहे. ते सुटं करणं हेच संख्याशास्त्रज्ञाचं काम. तुमची मुलगी त्याच दारात उभी आहे.

महिलांचा खेळ बघायला कोण येतं, असं तुमच्या पत्राच्या सुरात आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ आणि ‘सेंट हेलेन्स’ या दोन महिला संघांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांची मैदानं महिलांना बंद केली, आणि ती बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं गेली. प्रेक्षक होते, मैदानं काढून घेतली गेली. आजची वाढ मोजताना हे विसरलं तर आलेख शून्यातून सुरू झाल्यासारखा दिसतो आणि दोष खेळाडूंच्या माथी येतो.

तुमची भीती निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतली डब्ल्यूयूएसए ही महिला फुटबॉलची लीग २००१ मध्ये पहिल्याच हंगामात आठ हजारांवर सरासरी घेऊन आली आणि २००३ मध्ये महिला फुटबॉलचा विश्वचषक पाच दिवसांवर असताना बंद पडली. गर्दी होती, पण खर्च तिच्या कितीतरी पुढे होता. २०१३ मध्ये सुरू झालेली तिथलीच महिला लीग एनडब्ल्यूएसएल चार हजारांच्या आसपास सरासरीवर, हात आखडून चालली. २०२३ मध्ये तिची सरासरी पहिल्यांदा दहा हजारांवर गेली आणि २०२४ मध्ये हंगामाची एकूण गर्दी वीस लाखांच्या पुढे. २०२५ मध्ये सरासरी पुन्हा थोडी उतरली, आणि त्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कवर ४०,०९१ चा नवा विक्रम झाला. सरासरी खाली आणि उच्चांक वर, एकाच वर्षात. एकाच आकड्यावर मुलीच्या आयुष्याचा निकाल लावू नका, एवढंच यातून घ्या.

परीक्षांचं थोडक्यात: पदव्युत्तर संख्याशास्त्रासाठी आयआयटीची जॅम, सीयूईटी-पीजी आणि भारतीय संख्याशास्त्र संस्थेची (आयएसआय) प्रवेश परीक्षा. एमपीएससी पदवीनंतर केव्हाही देता येते, वय तिच्या बाजूनं आहे. क्लासची बॅच सुरू झाली नसेल तर फी परत मिळते का ते याच आठवड्यात विचारा.

आता मुलीसाठी.

तुझ्या वडिलांनी चुकीचा निष्कर्ष काढला, पण तसा तो निघावा असाच तुझा तक्ता आहे. हंगामागे एक सरासरी लिहून थांबलीस तर वाचणारा दुसरं काय समजणार? सामनानिहाय तक्ता कर. प्रत्येक ओळीत तारीख, वार, सुरू होण्याची वेळ, दोन्ही संघ, मैदान, मैदानाची क्षमता, ते संघाचं नेहमीचं की क्लबचं मोठं, टीव्हीवर होता का, पाऊस, आणि जाहीर झालेली प्रेक्षकसंख्या. मग आधी मध्यक काढ, म्हणजे सामने गर्दीप्रमाणे ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा आकडा. सरासरी आणि मध्यक यांच्यातलं अंतर किती हेच अर्धं उत्तर असतं. दोन्ही हंगामांत असलेले ११ क्लब वेगळे काढ. त्यातही तोच यजमान, तोच पाहुणा, तेच मैदान अशा जोड्या लाव आणि फक्त त्यांच्यातला बदल बघ. समाश्रयण (रिग्रेशन) करशील तेव्हा प्रेक्षकसंख्येचा लॉग घे, नाहीतर एमिरेट्सचे मोजके सामने सगळी रेषा स्वतःकडे ओढतील.

दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं, जाहीर झालेला आकडा बऱ्याचदा वाटलेल्या तिकिटांचा असतो, फाटकातून आत आलेल्यांचा नव्हे. फुकट किंवा अगदी स्वस्त तिकीट घेतलेला माणूस ढग दिसले की घरीच थांबतो. दुसरं, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी करंट या क्लबनं मार्च २०२४ मध्ये खास महिला संघासाठी बांधलेलं ११,५०० क्षमतेचं मैदान उघडलं आणि पहिल्या हंगामात ते सातत्यानं भरलं. अशा ठिकाणी ११,५०० ही मागणी नाही, ती भिंत आहे. खरी मागणी भिंतीपलीकडे किती, हे आकड्यात दिसतच नाही. साधं समाश्रयण इथे फसतं. ‘सेन्सॉर्ड’ विदेसाठीचं, म्हणजे मर्यादेपलीकडचं दिसत नाही अशा आकड्यांसाठीचं टोबिट प्रतिमान वापर, आणि ते का वापरलं यावर प्रकल्पात एक परिच्छेद लिही. तोंडी परीक्षेत प्रश्न तिथेच येईल.

आणि तुलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’च्या महागड्या पदविकेसाठी किंवा परदेशातल्या पदवीसाठी घर गहाण टाकायचा विषय आत्ता काढू नकोस. आधी एम.एस्सी. संख्याशास्त्र, सोबत एसक्यूएल आणि आर किंवा पायथन या संगणकाच्या भाषा. तू जे शिकतेयस त्याचं नाव मागणीचा अंदाज. तो विमानाच्या आसनांना, नाटकाच्या तिकिटांना, मैफलींना आणि क्रिकेटला सारखाच लागतो. आपल्याकडे खेळातल्या तिकीटविक्रीच्या नोकऱ्या मुख्यतः क्रिकेटभोवती आहेत. फक्त महिला फुटबॉलवर पोट भरेल असं सांगून मी तुला फसवणार नाही. पण २०२३ च्या पहिल्या डब्ल्यूपीएलमध्ये (क्रिकेटच्या महिला प्रीमियर लीगमध्ये) महिलांना मोफत प्रवेश होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत तुडुंब भरली. फुकट आलेला प्रेक्षक पैसे मोजून कधी येऊ लागतो, हा प्रश्न आता इथलाच आहे, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारी माणसं थोडी आहेत.

सुट्टीत एक काम घरच्या मैदानावर कर. तुमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असतात. गॅलरीचे भाग पाड, प्रत्येक भागातल्या पायऱ्या आणि एका पायरीवर दाटीनं बसणारी माणसं मोजून क्षमता काढ. मग दहाव्या मिनिटाला, मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी आणि साठाव्या मिनिटाला असं तीनदा मोज. मध्यंतरात मोजू नकोस, निम्मे लोक चहाला गेलेले असतात. कोल्हापुरात महिलांचा सामना होईल तेव्हाही हेच, याच पद्धतीनं. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता मोजल्याशिवाय आकडा वहीत धरायचा नाही, दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजायचं. दुसरा माणूस म्हणून वडिलांना ने.