ट्रॉल्या नाशकात, शेगडी स्टुलावर

तुझा निरोप दोनदा वाचला. जर्मनीत स्टुटगार्टची नोकरी पक्की, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं, बरोबर बायको आणि पाच वर्षांची लेक. आणि शेवटी विचारलंयस, "दादा, पाच वर्षं पोटाला चिमटा काढून राहायचं, पैसे साठवायचे आणि परत येऊन नाशकात निवांत जगायचं. प्लॅन बरोबर आहे ना?"

मी २०१३ मध्ये हाच प्लॅन घेऊन याच शहरात आलो. अजून इथेच आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी किचनचं ऐक. इथे भाड्याच्या घरात बऱ्याचदा किचन नसतंच. खोली असते, पण ओटा, सिंक, कपाटं, शेगडी काही नाही. भिंतीतून पाण्याचे पाइप बाहेर आलेले आणि छताला दिव्याच्या वायरी लोंबणाऱ्या. जाणारा भाडेकरू आपलं किचन उचकटून नेतो, नाहीतर येणाऱ्याला विकतो. आमच्या आधीच्या बाई दीड हजार युरोला द्यायला तयार होत्या. मी मनातल्या मनात रुपये केले (पहिलं वर्षभर सगळेच करतात, तूही करशील) आणि नको म्हणालो. पाचच वर्षं तर काढायचीत! मग दोन प्लेटांची विजेची शेगडी एका स्टुलावर ठेवली. भांडी बाथरूममध्ये घासायची, वाकून.

त्याच सुमारास गंगापूर रोडला फ्लॅट बुक केला. दोन वर्षांनी ताबा मिळाला तसा आईच्या पसंतीचा ग्रॅनाइटचा ओटा झाला, ट्रॉल्या बसवल्या, चिमणी लावली आणि कुलूप घातलं. दर रविवारी बाबा ॲक्टिव्हावरून जायचे, नळ सोडायचे, पंखे फिरवायचे, जळमटं काढायचे. राहत होतो तिथे ओटा नव्हता आणि ओटा होता तिथे राहायला माणूस नव्हतं. चौथ्या वर्षी एका संध्याकाळी बायको बाथरूममधून ओल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "मी छत्तीसची झाले. या वयात मला एक ओटा हवाय. पुढे कधीतरीचा नको." पुढच्या शनिवारी जुनं किचन विकत आणलं. नाशकातल्या ट्रॉल्यांचे चॅनल तोवर गंजले होते.

भाषेचंही तेच. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, परत तर जायचंय, मग जर्मन कशाला, असं म्हणत पाच वर्षं घालवली. तू हे अजिबात करू नकोस. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा इथला राहण्याचा परवाना) साध्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो, बी-वन, म्हणजे मधली पातळी केलीस तर २१ महिन्यांनी. पण परवाना बाजूला ठेव. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात रोज काहीतरी बोलायच्या आणि मी नुसतं हसायचो. त्या काय म्हणतात ते कळायला लागलं त्याच वर्षी त्या वृद्धाश्रमात गेल्या.

लेकीचा हिशेब तर तू केलेलाच दिसत नाही. ती इथे सहाव्या वर्षी पहिलीत जाईल, आणि चौथीनंतर कोणत्या प्रकारच्या शाळेत घालायचं ते ठरतं. म्हणजे तुझा प्लॅन संपेल तेव्हा ती दहाची, सगळ्या मैत्रिणी इथल्या, आणि नेमकी त्या वळणावर. तुझ्यासाठी ती वर्षं बचतीची असतील. तिचं ते बालपण असेल.

आता रहाडीचं सांगतो. पेशव्यांच्या काळातला दगडी हौद, वर्षभर झाकलेला, रंगपंचमीला उघडतात, हे तुला सांगायला नको. बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये नोकरीला, पण घर जुन्या नाशकात, त्यामुळे तिवंध्याच्या रहाडीत आम्ही बापलेक जोडीनं धप्पा, म्हणजे रंगाच्या पाण्यात उडी मारायचो. इथे आल्यावर दर फेब्रुवारीत त्यांचा फोन यायचा, "यंदा येतोस का रे रंगपंचमीला?" माझी रजा दिवाळीसाठी राखलेली असायची. पुढच्या वर्षी, बाबा. मग करोना आला. शेवटी २०२३ च्या मार्चमध्ये गेलो. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी पिवळ्या रंगात धप्पा मारून वर आलो तर ते काठावर माझा मोबाइल आणि चपला धरून उभे. पांढऱ्या सदऱ्यावर चार शिंतोडे. "कोमट आहे का पाणी?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो.

आईवडलांना पाहुणे म्हणून बोलावलंस तर दर १८० दिवसांत ९० दिवस, त्याहून जास्त नाही. ज्यांना ब्लू कार्डसारखा परवाना १ मार्च २०२४ पासून पुढे पहिल्यांदा मिळालाय त्यांना आईवडलांना कायमचं आणायची सोय झाली आहे. मी त्यात बसत नाही, तू बसशील. मात्र त्यांचा आरोग्य विमा जमवणं कठीण, ते आल्या आल्या विचारून घे. फोनचं म्हणशील तर इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे दोन करतात. एक तास परत मिळतो आणि तो आम्ही झोपून घालवतो!

पैसे साठवू नकोस असं मी म्हणत नाहीये, परत जाऊ नकोस असंही नाही. फक्त 'पाच वर्षं' हा आकडा घरात बोलू नकोस. तो बोलला की घरात टेबलसुद्धा येत नाही.

आणि आत्ता तुझ्या हातात सगळा पावसाळा आहे. जन्माचे आणि लग्नाचे दाखले, डिग्रीचे कागद, ही कामं आठवड्यातल्या दोन सकाळींत कोंब. बाकीच्या वेळी लेकीला गंगेवर, आपल्या गोदावरीवर ने. पुराचं पाणी ज्याच्यावरून मोजतात त्या काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला लागलं, हे तिला तिच्या डोळ्यांनी बघू दे. श्रावणात तिसऱ्या सोमवारी वडलांना जमत असेल तर ब्रह्मगिरीची फेरी त्यांच्याबरोबर कर. जमत नसेल तर त्र्यंबकला नुसतं बसा, भजी खा.

सामानाचं विचारलं होतंस. कुकर आण, मसाल्याचा डबा इथे मिळतो. पोळपाट मात्र नाशकातूनच आण, इथे मिळाला तो हलतो. आणि घर ठरलं की भिंतीचं माप मला पाठव. शनिवारी आपण जुनी किचनं बघायला जाऊ.