हेवी ट्रकचं ट्रेनिंग सुरू करण्याआधी काय तयारी करावी?

तू विचारलंस ते असं: वय २२, बारावी झालेली, चारचाकीचं लायसन काढून दोन वर्षं झाली, पुढच्या महिन्यापासून हेवीचं ट्रेनिंग. आणि घरचे म्हणतात की स्कूलमध्ये पैसे घालू नको, ओळखीच्या वस्तादाच्या, म्हणजे जुन्या ड्रायव्हरच्या, हाताखाली किन्नर (क्लीनर) म्हणून जा, आपोआप शिकशील. वयाने लहान आहेस म्हणून तुला ‘तू’ म्हणूनच लिहितो. तयारीचं खाली येतंच, पण घरच्यांच्या त्या सल्ल्यावर आधी बोलतो. कारण मी नेमकं तेच केलं होतं.

माझा वस्ताद म्हणजे माझा सख्खा मामा. दहा टायरी गाडी, मालक दुसरा, माल बहुतेक साखर. कऱ्हाडकडून भरायची आणि वाशी मार्केटला उतरवायची. दीड वर्ष मी गाडी धुतली, ताडपत्री ओढली, रस्से आवळले, लोखंडी पाइपने टायर ठोकून हवा ओळखायला शिकलो. हे सगळं कामाचं होतं, ते नाकारत नाही. स्टेअरिंग मात्र मिळायचं ते मामाला झोप आली की. शिकवणं असं नव्हतंच. तो घोरायचा आणि मी चालवायचो, एवढंच.

२०१२ चा डिसेंबर. गाडीत ३२० पोती, म्हणजे १६ टन साखर. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर ते एस वळण आहे, ते मामाने स्वतः काढलं, दुसऱ्या गिअरमध्ये, तोंडातला तंबाखूसुद्धा न चघळता. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. खेड शिवापूरचा टोल ओलांडून चहा घेतला आणि मामा म्हणाला, ‘‘आता तू घे, मी जरा पडतो.’’ शिकाऊ लायसन माझ्या खिशात होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील.

बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो रस्ता ज्याने भरल्या गाडीने उतरवला नाही, त्याला तो घाट वाटतच नाही. रुंद, बऱ्यापैकी सरळ, दोन्ही बाजूंना दिवे, समोर पुणं लखलखतंय. उतार डोळ्यांना दिसत नाही, तो फक्त गाडीला कळतो. मी चौथ्यात होतो. मामा डोळे मिटूनच बोलला, ‘‘न्यूट्रल टाक की. उताराला कशाला डिझेल जाळतोस?’’

टाकला.

पहिला अर्धा किलोमीटर मजा आली, खोटं कशाला सांगू. इंजिनचा आवाज गेला, नुसता टायरांचा आवाज. काटा पन्नासवर, मग साठवर. ब्रेक दाबला, गाडी दबली. सोडला, परत पळाली. परत दाबला. सात-आठ वेळा असं झाल्यावर केबिनमध्ये वास आला. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास एकदा नाकात गेला की जन्मात विसरत नाही, जुनी कढई कोरडी तापावी आणि त्यात रबर पडावं तसा. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; तो दाखवणारा हवेचा काटा आठवरून पाचाच्या खाली आला आणि बझर सुरू झाला. गिअर टाकायला गेलो तर नुसती खरखर. त्या वेगाला जुना गिअरबॉक्स गिअर घेत नाही, रेस देऊन जुळवून घ्यावा लागतो आणि ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मामा जागा झाला, त्याने हात घातला, त्यालाही जमलं नाही.

नऱ्ह्याच्या अलीकडे डाव्या कडेला कुठल्याशा कामासाठी खडीचा ढीग पडला होता. मी गाडी त्यात घातली. विचार करून घातली असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे दुसरीकडे सगळे पुढच्या गाड्यांचे लाल दिवेच दिसत होते. डावा आरसा गेला, पायरी गेली, डिझेलची टाकी चेपली. डाव्या चाकांतून धूर निघत होता. माणूस कुणी लागला नाही.

सकाळी मालकाला फोन झाला. मामा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘‘पोराने घाबरून उलटसुलट ब्रेक मारले.’’ न्यूट्रलचा न सुद्धा नाही. ११,००० रुपये माझ्या पगारातून कापले आणि ‘ह्याला गाडी जमत नाही’ हे आमच्या पाहुण्यारावळ्यांत कायमचं झालं. अजूनही दिवाळीला कुणीतरी काढतंच.

आता हिशोब बघ. मालक वाशीच्या फेरीला ठरवून डिझेल द्यायचा आणि वाचलेलं ड्रायव्हरचं. तेव्हा डिझेल लिटरला ५० रुपयांच्या आसपास. त्या उतारावर वाचून वाचणार किती, दोन लिटर धर. म्हणजे शंभर रुपयांसाठी १६ टन सोडून दिले होते. आणि तेसुद्धा वाचत नाही! पुढच्या वर्षी मी रीतसर ट्रेनिंग केलं तेव्हा तिथल्या मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं. गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनला फिरवतात आणि पंप डिझेल सोडतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते पीतच राहतं. इंजिनच बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टेअरिंग दगड होतं. मामाला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. माहीत नसतं तर खंबाटकीला दुसरा गिअर कशाला टाकला असता? तिथे दरी दिसते म्हणून गिअर, आणि कात्रजला दिवे दिसतात म्हणून न्यूट्रल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये याच नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीने डझनावारी गाड्या ठोकल्या, तेव्हाही इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरत असल्याचं तपासात पुढे आलं. ती बातमी मी मामाला पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

तर तुझं. कागदांचं तुला माहीत असेलच: वीस वर्षं पूर्ण, चारचाकीचं लायसन किमान वर्षभर जुनं, डॉक्टरचा दाखला, स्कूलचा फॉर्म ५ (ट्रेनिंग केल्याचा दाखला). आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, त्यामुळे बारावीचं कुणी कौतुक करणार नाही, आणि ‘शिकून ट्रक चालवणार का’ म्हणणाऱ्यांकडे तूही लक्ष देऊ नको. डोळे आत्ताच तपासून घे, दिवसाचे नाही, रात्रीचे. समोरून हायबीम आल्यावर किती वेळ काही दिसत नाही ते डॉक्टरला सांग.

स्कूलबद्दल सरळ बोलतो. निम्म्या ठिकाणी महिन्याचं सर्टिफिकेट मिळतं आणि हातात स्टेअरिंग येतं चार दिवस, तेही रिकाम्या गाडीचं. असं सर्टिफिकेट विकत घेण्यापेक्षा मामाच परवडला. सरकारमान्य ट्रेनिंग सेंटरचा हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, थिअरी धरून. पुण्याच्या बाजूला असशील तर भोसरीला सीआयआरटीत (रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था) चौकशी कर. थोडं लांब पडलं तरी जा.

मधल्या महिन्यात कुणाबरोबर तरी दोन फेऱ्या मार, पण भरल्या गाडीच्या, आणि रात्रीच्या. झोप कशी येते, ती येताना आधी मानेला कळते का डोळ्यांना, हे स्वतःचं स्वतःला माहीत पाहिजे. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांच्या कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) दिवसाला आठ तास आणि पाच तासांनी अर्धा तास विश्रांती लिहिली होती. रस्त्यावर तुला उलटं ऐकायला मिळेल, कारण ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन कागद) २०० किलोमीटरला एक दिवस चालतं आणि मालकाला ते संपायच्या आत गाडी पोचलेली हवी असते. पहिल्या दिवशीच नाही म्हणायची सवय लाव, नंतर लागत नाही. आरशात बघून रिव्हर्स घ्यायचा सराव आत्ता कारवरसुद्धा होतो, मान मागे वळवायची सवय मोड.

आणि घाट. ज्या गिअरमध्ये चढेल त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. तुझा वस्ताद न्यूट्रल टाक म्हणाला तर पुढच्या ढाब्यावर उतर. एसटीने घरी ये.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. सगळे वस्ताद असे नसतात, आणि रस्से आवळणं, टायर ठोकणं, ताडपत्रीला कुठे पाणी साचतं हे मला कुठल्याच स्कूलने शिकवलं नसतं. ते मामानेच शिकवलं. अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलने थेंबभर वाचतही असेल, मी मोजलेलं नाही. माझा अनुभव घाटावरचा आणि पुणे-मुंबईचा, विदर्भातल्या सपाट रस्त्यांबद्दल मला विचारू नको.

गेल्या महिन्यात मामाला दवाखान्यासाठी पुण्याला यायचं होतं, माझ्याच गाडीत बसला. आता चौदा टायरी आहे, बीएस-६, एक्झॉस्ट ब्रेकवाली (इंजिनचा धूर अडवून वेग धरून ठेवणारा ब्रेक). बोगद्यातून बाहेर पडताना मी आधीच गिअर खाली घेतला. नवले पुलापर्यंत त्याची नजर हवेच्या काट्यावर होती, काटा हलला नाही. सिंहगड रोडला उतरताना म्हणाला, ‘‘लय हळू चालवतोस.’’

स्कूल बघायला जाशील तेव्हा आधी त्यांच्या ट्रेनिंगच्या गाडीत चढून हवेचा काटा चालू आहे का बघ. बंद असेल तर फी विचारूसुद्धा नको.